तिसरा ढीग

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माझं टेबल काचेचं.
काचेखाली ट्यूबलाइट, तिच्यावरून टॉवेल सरकतो.
मी बघते, तुटलेला धागा, तेलाचा डाग, उसवलेला काठ.
डावीकडे पास, उजवीकडे सेकंड.
चौदा वर्षं झाली, हात आता डोक्याला विचारत नाहीत.

फेब्रुवारीत परकराची नाडी
बोटभर सैल बांधायला लागले.
सासू म्हणाली, चांगली बातमी दिसतीय की.
पण पाळी तारखेला आली.
दोन घास भाकरी खाल्ली की पोट गच्च,
मग ओवा, हिंग,
मेडिकलवाल्याचं गुलाबी औषध.
दीड महिना असाच गेला, बिलं आहेत.

सोनोग्राफीवाला जेल फिरवता फिरवता गप्प झाला.
मग म्हणाला, एकोणीस सेंटिमीटर.
आमचा फेस टॉवेल तीसचा असतो.
मी मनातल्या मनात घडी घालून बघितली.

आई तेलुगूत म्हणाली, पोटात गड्ड आहे.
शेजारच्या पोराला वाटलं, सिद्धेश्वराचा गड्डा.
म्हणाला, आज्जी, जत्रा तर जानेवारीतच संपली.
त्या दिवशी घरात
तेवढं एकदाच कोणी हसलं.

ऑपरेशनात म्हणे
माझं पोट उघडं ठेवून हत्तुरे मॅडम
फोनची वाट बघत होत्या.
तुकडा गोठवून, घाईत कापून
खालच्या मजल्यावरून कोणीतरी सांगितलं, साधी वाटते.
म्हणून उजवी बाजू गेली,
डावी ठेवली, पिशवी ठेवली.
माझं वय तेव्हा तेहतीस.

नऊ दिवसांनी मेणातल्या तुकड्याचा रिपोर्ट आला.
त्यात साधी नव्हतं लिहिलेलं.
बॉर्डरलाइन.

बॉर्डर मला टॉवेलची माहीत,
डॉबीची, दोन इंचांची,
जिथे विणीचा तऱ्हा बदलतो पण कापड तेच राहतं.
मॅडम म्हणाल्या,
अनसूया, कॅन्सर नाही.
मग थोडं थांबून, अगदी साधीही नाही.
पेशी वाढल्यात, एकावर एक चढल्यात,
पण भिंत फोडून आत शिरल्या नाहीत.
किमो लागणार नाही.
बहुतेक बायका म्हाताऱ्या होऊन
दुसऱ्याच कशाने तरी जातात.
पण येत राहा.
किती दिवस, मी विचारलं.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
कधी कधी दहा वर्षांनीही उगवते, म्हणाल्या,
राहिलेल्या बाजूला.

मी विचारणार होते, मग मी डावीकडे की उजवीकडे.
पण बाहेर अजून सोळा बायका बसल्या होत्या.

कामावर परत गेले त्या आठवड्यात
एक टॉवेल हातात राहिला.
डाग नव्हता. धागा तुटला नव्हता.
फक्त एका जागी वीण जरा दाट,
बोटांना लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती.
मी तो मधोमध ठेवला. मग आणखी एक.
संध्याकाळपर्यंत सात.
सुपरवायझर चिप्पा म्हणाले,
हे काय नवीन, दोनच ढीग असतात मॅडम.
मी म्हटलं, असू द्या थोडे दिवस. लक्ष ठेवते.
ते बघत राहिले, मग चहाला गेले.

तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने.
फाइल जाड झाली, पिशवी बदलली.
नवरा पहिल्या दोन वेळा आला,
मग मीच म्हटलं, लूम बंद ठेवू नका.
रिपोर्ट आला की तो शेवटची ओळ आधी वाचतो.
मी सगळा वाचते, वरून खाली, काठापासून काठापर्यंत.

या श्रावणात नाडी परत सैल झाली.
सासू काही बोलली नाही. शिकली तीही.
मी दिवस मोजले. जमेनात.
परत मोजले.

तोच सोनोग्राफीवाला, आता केस पिकलेले,
जेल लावली, स्क्रीन माझ्याकडे वळवायला लागला.
थांबा, मी म्हटलं.
आधी डावी बाजू बघा.